आमच्या गल्लीतली आप्पांची गिरणी, अमळनेर

स्टार आधीच सांगून टाकते, पाचपैकी पाच. पिठाच्या गिरणीचा रिव्ह्यू कोण लिहितं असं माझ्या मुलानेच विचारलं, पण हॉटेलात आपण महिन्यातून एकदा जातो आणि गिरणीत दर आठवड्याला, आणि रोजची भाकरी कशी होणार हे जिथे ठरतं त्या जागेबद्दल कुणीच काही लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. दुसरं असं की ही गिरणी चालवणारे आप्पा यंदा फेब्रुवारीत गेले, आणि तेव्हापासून बऱ्याच जणी विचारतायत की गिरणी चालू आहे का, दळण पहिल्यासारखं होतं का की आता डबा दुसरीकडे न्यायचा. चालू आहे, दळण तसंच होतं, आणि तसंच का होतं हे सांगायचं तर आप्पांबद्दल सांगावंच लागेल, त्यामुळे लांबण लागणार आहे. घाई असेल त्यांनी खाली वेळ आणि दर लिहिलेत ते बघून घ्या.

गिरणीला नाव नाही. पत्र्यावर निळ्या ऑइल पेंटने "पिठाची गिरणी" एवढंच लिहिलंय, त्यातला "ची" पण आता दिसत नाही. बोरी नदीच्या अंगाला जुनी वस्ती आहे तिथे. अमळनेर म्हटलं की बाहेरचे लोक साने गुरुजी म्हणतात, नाहीतर 1945 साली इथे तेलाच्या कारखान्यापासून सुरू झालेली विप्रो म्हणतात, हल्ली 2024 चं साहित्य संमेलन पण म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही, गावाला अभिमान आहेच. पण आमच्या गल्लीतल्या बायकांना विचाराल तर सकाळी साडेआठला पट्टा चढल्याचा आवाज आला की दिवस सुरू झाला, इतकी ही गिरणी आमच्या घरातली आहे.

मी मूळची सांगलीकडची. 2001 ला लग्न होऊन इथे आले तेव्हा मला अहिराणी एक अक्षर कळत नव्हती, आणि सासूबाईंनी आठव्या दिवशीच डोक्यावर डबा दिला आणि म्हणाल्या कळण्याचं दळण आहे, आप्पांकडे टाकून ये. आमच्याकडे ज्वारीची भाकरी म्हणजे ज्वारीचीच, त्यात उडीद घालतात हे मला माहीतच नव्हतं. मी डब्यात बघितलं तर पांढऱ्या ज्वारीत काळे उडीद, मला वाटलं धान्य निवडायचं राहिलंय, म्हणून मी रस्त्यातच एका ओट्यावर बसून उडीद वेचायला लागले. अर्धा तास वेचले असतील. गिरणीत गेले तेव्हा एका हातात डबा आणि पदराच्या गाठीत मूठभर उडीद. आप्पांनी गाठ बघितली, डबा बघितला, आणि हसले नाहीत, हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तिथे चार बायका बसलेल्या होत्या आणि हसले असते तर वर्षभर गल्लीला विषय झाला असता. त्यांनी गाठ सोडायला लावली, उडीद परत डब्यात ओतले, त्यात चिमूटभर मेथ्या स्वतःकडच्या टाकल्या आणि म्हणाले, "कयना शे माय हाऊ," म्हणजे हा कळणा आहे. मग मला कळेल अशा मराठीत सांगितलं की किलोभर ज्वारीला पावभर उडीद सालासकट, खडे मीठ असेल तर दळतानाच घालायचं, आणि भाकरी केल्यावर वरून कच्चं तेल आणि ठेचा, वांग्याचं भरीत असेल तर मग विचारूच नको. सासूबाईंना त्यांनी हे कधीच सांगितलं नाही. पाच वर्षांनी मीच सांगितलं तेव्हा त्या हसून हसून रडल्या.

आता गिरणीबद्दल. 20 इंची दगडाची चक्की आहे, दहा एचपीची मोटर, थ्री फेज. दगडाची चक्की तशी सगळीकडे असते, फरक पडतो तो चालवणाऱ्या हाताने. दगड जवळ घेतले आणि भरभर दाणे सोडले की दळण लवकर होतं पण पीठ तापतं, आणि तापलेल्या ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग कितीही गरम पाणी घाला, भाकरी थापताना कडा फाटतात आणि तव्यावर टाकताना हातातच दोन तुकडे होतात. दोष मात्र बाईला देतात. आप्पा पीठ पडतं त्या कापडी नळीखाली हात धरायचे, अंगठा आणि बोटाच्या मध्ये पीठ चोळायचे, आणि दुसऱ्या हाताने वरचं चाक एवढंसं फिरवायचे. एवढंसं म्हणजे खरंच एवढंसं, घड्याळाला किल्ली देतो तेवढं. आणि मग कान द्यायचे. दगडाचा आवाज बदलला की आम्हाला कळायचं नाही, त्यांना कळायचं. बोलत असतील तर वाक्य अर्धं सोडून उठायचे.

शेवटी डबा देताना दर वेळी, म्हणजे मी चोवीस वर्षं ऐकलं, "पीठ गरम शे माय, झाकन नको लावजो." गरम पिठाला झाकण लावलं की आत पाणी सुटतं आणि पिठाला वास लागतो, बाजरी तर दहा दिवसांतच कडसर होते. हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण तरी ते सांगायचेच.

टाकी लावायच्या दिवसाचं वेगळंच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दगड घासून गुळगुळीत झाले की छिन्नी हातोडीने त्यावर परत खाचा पाडाव्या लागतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. ताजी टाकी लावलेल्या दगडातून पहिल्या दळणात बारीक कच येते, दाताखाली कचकच लागते. बरेच जण पहिलं दळण कुणाच्यातरी माथी मारतात, मी दुसऱ्या एका गावात हे खाल्लेलं आहे. आप्पा त्या दिवशी सगळ्यांना परत पाठवायचे, "आज टाकी लायेल शे, सकाय येजो," आणि आधी गुरांचा भरडा काढायचे, मग दोन किलो स्वतःच्या घरचे गहू दळायचे आणि त्या पिठाची पोळी घरी करून खाऊन बघायचे. कचकच लागली नाही तरच दुसऱ्या दिवशी लोकांचे डबे घ्यायचे. यात त्यांचा एक दिवसाचा धंदा बुडायचा, दर दोन अडीच महिन्याला. मी एकदा म्हटलं आप्पा थोडं चालतं की, कुणाला कळतंय, तर म्हणाले लेकराच्या ताटात जातं ते.

कशावर काय दळायचं याचा पण त्यांचा कायदा होता. गव्हावर गहू, बाजरीवर गहू कधी नाही कारण पोळ्या काळपट येतात, हरभऱ्याची डाळ दिवसाच्या शेवटी, आणि उपवासाची भगर राजगिरा आषाढीच्या आदल्या दिवशी, सगळं पुसून. पुरणपोळीचे, म्हणजे आमच्याकडच्या खापरावरच्या मांड्यांचे गहू असतील तर आधीच सांगायचं, कारण त्याला पीठ इतकं बारीक लागतं की फडक्यातून गाळता आलं पाहिजे. आणि बट्टीचं दळण याच्या बरोबर उलटं, गहू, थोडी मका, हातात रवा लागला पाहिजे असं जाडसर, नाहीतर बट्टी आतून चिकट राहते. वरण बट्टी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, घरी करायचं असेल तर इथे फक्त "बट्टीचं" एवढं म्हणा, बाकी काही सांगावं लागत नाही. बिबड्यांची ज्वारी, पापडाचे उडीद, उन्हाळ्यात सगळं इथेच. फक्त मिरची मसाला नाही, त्याचं कांडप शेजारच्या गल्लीत आहे आणि ते बरं आहे, नाहीतर पिठाला तिखट लागलं असतं.

ज्वारीबद्दल एक. दादर मिळाली तर दादरच घ्या. तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीची येते ती, दाणा मोठा, आणि तिच्या भाकरीला जी गोडी आहे ती हायब्रीडला नाही. आप्पा दाणा तोंडात टाकून सांगायचे दादर आहे की तुला फसवलंय. मला दोन वेळा फसवलं होतं, दोन्ही वेळा त्यांनी सांगितलं आणि पुढच्या वेळी त्यांच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोतं आणून दिलं, वर एक रुपया घेतला नाही.

आता जे खरं सांगायचंय ते. आप्पांना दळणावरून घर कळायचं. कुणाचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला की त्या घरचा दहा किलोचा डबा सातवर येतो. गहू कमी होऊन ज्वारी वाढली की घरात कुणालातरी शुगर निघालेली असते. एकदम पाच किलो मांड्यांचे गहू आले की पाहुणे बघायला येणार. आमच्या सासूबाई 2013 ला गेल्या, त्यानंतर महिन्याभराने मी दळण घेऊन गेले तर आप्पांनी वजन केलं, काट्याकडे बघितलं, आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. सासूबाईंना बाजरी आवडायची, घरात दुसरं कुणी बाजरी खात नव्हतं, त्या वेळी पहिल्यांदा माझ्या दळणात बाजरी नव्हती. मी ते लक्षात घेतलंच नव्हतं. त्यांनी लक्षात घेतलं. संक्रांतीला मात्र म्हणाले बाजरी आण गं, म्हातारीच्या नावाने एक भाकरी कर. तेव्हापासून भोगीला करते.

आमच्या गल्लीत एक आजी एकट्या राहतात, नाव लिहीत नाही, त्या अर्धा किलो दळण आणतात. अर्धा किलो दळणात मोटर सुरू करायचा खर्च पण निघत नाही, बाकी ठिकाणी अडीच किलोच्या खाली घेत नाहीत. आप्पा त्यांचं अर्धा किलो कुणाच्यातरी ज्वारीच्या मागे लावून द्यायचे, आणि आजी घरी गेल्यावर दगडात राहिलेलं म्हणून ओंजळभर पीठ त्यांच्या डब्यात वाढलेलं असायचं. दगडात एवढं राहत नाही हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

आप्पांचं घर गिरणीच्या मागेच. वडील प्रताप मिलमध्ये होते, आप्पा सातवीपर्यंत शिकले आणि एका गिरणीत पोऱ्या म्हणून लागले, तिथेच टाकी लावायला शिकले, मग 1983 ला ही जागा घेतली. दोन मुली, एक मुलगा. मुलगा नाशिकला कंपनीत, मोठी मुलगी धुळ्याला नर्स, धाकटीचं सासर गावातच. काकूंना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, 2011 ला अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. तेव्हापासून एक वाजला की पट्टा खाली. रांगेत कितीही डबे असू देत. गल्लीत लोक घड्याळ लावायचे त्यावर. काकूंना बाईच्या हातचं जेवायला संकोच नव्हता, धाकटी यायची, सून सुट्टीत असायची, पण एक वाजताची भाकरी आप्पा स्वतः करायचे. एकदा काकूंना औषध द्यायला मी आत गेले होते तेव्हा बघितलं, काठवटीत पीठ घेऊन हा माणूस खाली बसलेला, डोक्याला पिठाची टोपी, भुवया पांढऱ्या, आणि भाकरी अशी थापत होता की आम्ही बायकांनी बघत बसावं, एकसारखी, कडेला एक चीर नाही. पहिला पापुद्रा सोलून तो दुधात कुस्करून काकूंना भरवायचे. मग त्यांची वेणी घालून द्यायचे. वेणी काही चांगली यायची नाही, सैल असायची, काकू संध्याकाळपर्यंत ती तशीच ठेवायच्या, धाकटीने परत घालू का विचारलं तरी नाही म्हणायच्या.

मुलींच्या शिक्षणाचं पण असंच. मोठीला नर्सिंगला घालायचं ठरलं तेव्हा भाऊबंदकीत बरंच बोलणं झालं, मुलीला धुळ्याला एकटी ठेवतो म्हणून. आप्पा वाद घालणाऱ्यातले नव्हते. दर रविवारी पहाटेच्या गाडीने जायचे, सोबत पिठाची पिशवी, भरडलेली डाळ, शेंगदाण्याची चटणी, दुपारपर्यंत परत. तीन वर्षं. तिच्या होस्टेलच्या मैत्रिणी अजून त्यांना पीठवाले आप्पाच म्हणतात, आप्पांच्या गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटायच्या विधीला, त्यातल्या चौघी आल्या होत्या.

लोडशेडिंगच्या काळात, 2007-08 च्या सुमारास, इथे दिवसाचे कितीतरी तास लाईट नसायची आणि थ्री फेज तर कधीही यायची, रात्री एक, पहाटे चार. आप्पा गिरणीतच पोत्यांवर झोपायचे. लाईट आली की उठून दळायचे. सकाळी आपला डबा दारात, झाकण तिरपं, वर कागद. लॉकडाऊनमध्ये 2020 ला गिरणी अत्यावश्यक म्हणून चालू होती पण गर्दी नको म्हणून त्यांनी आम्हाला गिरणीत यायलाच बंद केलं, हातगाडी घेऊन स्वतः गल्लीत फिरायचे, डबे गोळा करायचे, संध्याकाळी पोचवायचे. तेव्हा ते सत्तरीला आले होते. ज्यांची कामं बंद होती त्यांचं वहीत मांडून ठेवलं. ती वही मी बघितलीये, त्यात बऱ्याच नावांपुढे आकडाच नाही, नुसतं नाव आणि खाली एक रेघ.

मी कधी दुसरीकडे गेले नाही असं नाही, खरं ते लिहिते. 2014 ला आमच्या ह्यांनी घरघंटी आणली, मला त्रास नको म्हणून, कौतुकानेच. एक एचपीची, खाली पिठाचा डबा, जाळ्या बदलायच्या. गव्हाचं ठीक यायचं. ज्वारी मात्र तापायची, भाकरी मोडायची, आवाज तर इतका की मुलाचा अभ्यास व्हायचा नाही, आणि आठ महिन्यात बिघडली तेव्हा ज्या दुकानातून घेतली त्यांनी आज माणूस पाठवतो उद्या पाठवतो करत वॉरंटी संपवली. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ती उपयोगाची असेल, माझ्या बहिणीकडे आहे, ती खूश आहे. माझं जमलं नाही. तेवढे आठ महिने मी गिरणीसमोरून जाताना मान खाली घालून जायचे. परत डबा घेऊन गेले त्या दिवशी आप्पांनी एवढंच विचारलं, कळणा ना? आणि मेथ्यांचा डबा खाली काढला.

चुका पण झाल्या. एकदा दिवाळीच्या गर्दीत माझे चकलीच्या भाजणीचे चार किलो दुसऱ्या कुणाच्या बाजरीत गेले. आप्पांच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. संध्याकाळी घरी आले, हातात तांदूळ, डाळी, धणे, जिरे, सगळं मापाने, काकूंना विचारून आणलेलं, आणि म्हणाले तू भाजून दे, मी रात्री दळून देतो. मी म्हणत होते राहू द्या. ऐकलं नाही. त्यानंतर प्रत्येक डब्याला खडूने खूण करायला लागले, नाव नाही, खूण, कारण अर्ध्या बायकांना वाचता येत नव्हतं तेव्हा. आमची खूण दोन टिंबं आणि एक आडवी रेघ. अजून तीच आहे.

एका गोष्टीचा मला राग आहे आणि तो राहणार. चाळीस वर्षं पिठाच्या धुळीत उभं राहून नाकाला कधी फडकं बांधलं नाही त्या माणसाने. लहान मुलं आली की दारात थांबा, छातीत जातं म्हणायचे, स्वतः मात्र तसेच. शेवटची चार पाच वर्षं खोकला, मग दम. डॉक्टरांनी गिरणी सोडा सांगितलं, मोठ्या मुलीने हातापाया पडून सांगितलं. जानेवारीत धुळ्याला ऍडमिट केलं, घरी आणलं, परत नेलं. 74 वर्षांचे होते. गिरणीवाल्यांना, त्यांच्या घरच्यांना माझं सांगणं आहे की मास्क लावा, चांगला लावा, रोज लावा, पीठ हे विष नाही पण वर्षानुवर्षं छातीत गेलं की सोडत नाही.

गेले त्या दिवशी गावातल्या बाकीच्या गिरण्यांनी पण पट्टा चढवला नाही. कुणी सांगितलं नव्हतं. गिरणीत अकरा डबे दळून ठेवलेले होते, आदल्या आठवड्यात दोन दिवस बरं वाटलं म्हणून घरी आले होते तेव्हाचे, कुणीच न्यायला गेलं नव्हतं कारण आप्पा आजारी, त्यांना कशाला उठवायचं. धाकटीने तिसऱ्या दिवशी खुणा बघून एकेक डबा घरोघरी पोचवला. सुतकातलं पीठ म्हणून कुणी नाही म्हटलं नाही. माझ्या डब्यावर झाकण तिरपं होतं, आत वर्तमानपत्राचा कागद. त्याच्या भाकरी केल्या, चांगल्या झाल्या, विरी होती.

मग सगळ्यांना वाटलं गिरणी विकणार. जागा मोक्याची आहे, विचारणारे लगेच आले. मुलगा नाशिकहून येणार नाही हे उघड होतं. गंधमुक्तीनंतर चौथ्या दिवशी साडेआठला पट्ट्याचा आवाज आला, मी हातातलं काम टाकून गॅलरीत आले, समोरच्या काकू पण आलेल्या. धाकटी होती. ओढणी कमरेला खोचलेली, तोंडाला मास्क. ती चौदा वर्षांची असल्यापासून आप्पांनी तिला टाकी लावायला शिकवलं होतं हे आम्हाला माहीत होतं, पण ते खेळ म्हणून असेल असं वाटायचं. तिचा नवरा सकाळी दूध डेअरीचं काम करून दहाला येतो, पोती उचलायला. बाकी सगळं ती.

खरी परीक्षा श्रावणात झाली. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते, नागपंचमीनंतरचा जो पहिला रविवार त्या दिवशी आमच्याकडे कानबाई देवी बसते, आणि तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि हरभऱ्याची डाळ घेऊन शनिवारी रात्री बारानंतर दळून आणायची जुनी पद्धत आहे. आता बरेच जण दिवसाच दळतात, पण आमच्या गल्लीत अजून रात्रीच. त्यासाठी गिरणी धुवून पुसून ठेवतात. आप्पा त्या दिवशी दुपारी बारालाच गिरणी बंद करायचे, दगड उघडायचे, ओल्या फडक्याने, मग कोरड्या, कापडी नळी नवीन शिवलेली, मोटरला हळद कुंकू, आणि स्वतः उपाशी. त्या रात्रीचे पैसे कधी घेतले नाहीत.

यंदा आम्ही बायका साडेअकरालाच जाऊन ओट्यावर बसलो, धीर द्यायला म्हणून, खरंतर मलाच धीर नव्हता. दगड उघडून पुसून ठेवलेले. नवीन नळी, पांढऱ्या मांजरपाटाची. काकूंना खुर्चीत बसवून दारात आणलेलं, त्यांच्या मांडीवर कुंकवाचा करंडा. बाराला पाच कमी असताना लाईट गेली. कुणी काही बोललं नाही. अंधारात फक्त नदीकडच्या बेडकांचा आवाज आणि मागच्या गल्लीत कानबाईची गाणी सुरू झाली होती ती. पंचवीस मिनिटांनी आली. धाकटीने पट्टा चढवला, पहिलं दळण गल्लीतल्या त्या एकट्या आजींचं घेतलं, सव्वाच मूठ, त्यांच्या घरात दुसरं कुणी नाही. मोटर चालू, दगड फिरतोय, आणि नळीखाली हात धरून ती पीठ चोळत उभी, मान थोडी डावीकडे. कान देत होती. काकूंनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि तो पहाटेपर्यंत सोडलाच नाही, माझं स्वतःचं दळण जावेने घेतलं.

बदल काय झाले ते पण लिहिते. आता क्यूआर कोड लावलाय, नेट असलं तर चालतो. बायकांना बसायला बाक केलाय, आधी पोत्यांवर बसावं लागायचं. खिडकीत धूळ ओढणारा पंखा बसवलाय, तो आप्पांच्या वेळीच बसायला हवा होता. खडूच्या खुणा तशाच. टाकीच्या दिवशी बंद असते, दारावर पाटी लावते. त्रास म्हणाल तर सणाच्या आधीचे दोन दिवस फार गर्दी, मांड्यांचं पीठ तेव्हा मागू नका, चार दिवस आधी द्या. मे महिन्यात, सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत, तिकडच्या रस्त्याला गाडी नेताच येत नाही, डबा हातात घेऊनच जावं लागतं. पहिल्या दोन महिन्यात माझं बट्टीचं दळण एकदा जरा बारीक आलं होतं, सांगितलं, पुढच्या वेळी बरोबर आलं.

दर, गहू ज्वारी बाजरी किलोला 7 रुपये, डाळी 10, कळण्याला वेगळा दर नाही, मेथ्या त्यांच्याकडच्या. अर्धा किलो पण घेतात. डबा सकाळी टाकला तर संध्याकाळी मिळतो, थांबलात तर अर्ध्या पाऊण तासात. नवीन असाल तर काय करणार आहात ते सांगा, भाकरी, बट्टी, मांडे, ती त्याप्रमाणे दगड ठेवते.

वेळ सकाळी साडेआठ ते एक आणि संध्याकाळी चार ते आठ. एक म्हणजे एक, पाच मिनिटं उशिरा गेलात तर पट्टा उतरलेला असेल आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज येईल, हाक मारू नका, काकूंचं जेवण चालू असतं. डबा ओट्यावर ठेवा, बाजूच्या कोनाड्यात खडू आहे, आपली खूण करा आणि माठातलं पाणी पिऊन जा.